जुन्या ट्रकचा हीटर तापत नाही? पार्ट बदलू नका, आधी साखळी मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओचा हा लेखी धडा. व्हिडिओ बघताना बऱ्याच जणांचे हात ग्रीसचे असतात, आकडे लिहून घेता येत नाहीत. म्हणून तपासणीचा क्रम, आकडे आणि जॉब कार्डचा नमुना इथे देतोय. प्रिंट काढा आणि गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा.

विषय आहे जुन्या जड ट्रकच्या हीटरचं वायरिंग. हीटर म्हणजे केबिन गरम करणारा नव्हे. ठाण्यात केबिनमध्ये पंखा पुरत नाही, तिथे हीटर कोण लावतो? आपल्याकडचे मिस्त्री इंजिनच्या हेडमधल्या ग्लो प्लगला 'हीटर' म्हणतात. त्याच्याबद्दल बोलायचंय.

आता तुम्ही म्हणाल, असा ट्रक आमच्याकडे येणार कधी? रोज येणार नाही, मान्य. कल्याण-शिळ रोडला, भिवंडी बायपासला किंवा वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीत तुमचं गॅरेज असेल, तर दिवसभर नवीन गाड्यांचंच काम असतं. पण वर्षातून एखादा मालक येतो आणि म्हणतो, "आजोबांची गाडी आहे, शेडमध्ये उभी आहे, चालू करून द्या." असं काम तुमचं नाव करतं किंवा घालवतं. त्या गाडीचा पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. 'बदलून बघू' ही सवय इथे थेट खिशातून पैसे काढते.

## १. आधी गाडी ओळखा

१९५४ साली टेल्को आणि जर्मनीची डायमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनायला लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. बॉनेट पुढे आलेला, नाकावर तीन टोकांचा तारा, ती हीच गाडी. सुरुवातीच्या एल-३१२ ट्रकमध्ये ओएम-३१२ घराण्याचं सहा सिलिंडरचं, साधारण ४.६ लिटरचं डिझेल इंजिन होतं. ते प्री-चेंबरचं इंजिन आहे, आणि प्री-चेंबर आलं म्हणजे हीटर आला.

पुढे टाटाचं ६९७ सारखं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आलं, त्यात हे हीटर प्लग नाहीत. त्यामुळे पहिला प्रश्न हा: समोरच्या गाडीत आज कुठलं इंजिन बसलंय? पन्नास-साठ वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. चेसिस जुनी आणि इंजिन नंतरचं, अशा गाडीत हीटर शोधत बसलात तर अर्धा दिवस वाया. हेडवर नोजलच्या जवळ सहा प्लग आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या दिसल्या, तरच पुढे वाचा.

दुसरा प्रश्न: सिस्टिम १२ व्होल्ट की २४? मालकाला विचारू नका, बॅटरी बघा. एक आहे की दोन, आणि दोन असतील तर कशा जोडल्यात, ते बघून मीटर लावा. या धड्यातले सगळे आकडे १२ व्होल्टच्या उदाहरणाचे आहेत. २४ असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

तिसरा प्रश्न कागदांचा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, ते ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी कारसाठी आहेत. ट्रक त्यात बसत नाही. गाडी रस्त्यावर आणायची की शोरूमसमोर नुसती चालू करून दाखवायची, हे मालकाकडून आधीच लिहून घ्या. रस्त्यावर आणायची असेल तर ठाण्याच्या एमएच-०४ किंवा कल्याणच्या एमएच-०५ कार्यालयात विचारून यायला सांगा. काम संपल्यावर हा विषय निघाला तर बिल अडकतं.

## २. हीटर नेमकं काय करतो?

डिझेलला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. प्री-चेंबरच्या इंजिनात ही हवा एका छोट्या खोलीतून फिरते. त्या खोलीच्या भिंती थंड असल्या की हवेची उष्णता त्या खाऊन टाकतात आणि डिझेल पेटत नाही, नुसतं फवारलं जातं. म्हणून त्या खोलीत एक तार लाल करून ठेवायची, की पहिला भडका उडतो. इंजिन एकदा चालू झालं की हीटरचं काम संपलं.

इथे एक गैरसमज असतो: "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? हीटरची गरजच काय?" गरज आहे. आठवडाभर उभ्या असलेल्या प्री-चेंबर इंजिनाला मे महिन्यातही पहिल्या स्टार्टला हीटर लागू शकतो. त्यात रिंगा झिजलेल्या असतील, कॉम्प्रेशन कमी असेल, तर नक्कीच लागतो.

धूर बघायला शिका, फुकटचं मीटर आहे ते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. तेव्हा हीटर किंवा कॉम्प्रेशन बघा. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. मग टाकी, फिल्टर, एअर, पंप बघा आणि हीटरला हात लावू नका.

## ३. वायरिंग: सहा डबे, एक गाडी

या जुन्या इंजिनात हीटर सिरीजमध्ये जोडलेले असतात, एकामागे एक. करंटचा रस्ता असा:

बॅटरी → हीटर-सेल्फचा स्विच → डॅशवरची निशाणी तार → प्लग १ → २ → ३ → ४ → ५ → ६ → अर्थ

काही गाड्यांत मध्ये एक रेझिस्टन्सही असतो. स्विचला दोन घरं असतात: पहिल्या घरात हीटर, दुसऱ्या घरात सेल्फ. डॅशवर जाळीमागे एक तार असते, ती साखळीचाच भाग आहे. प्लग तापले की तीही लाल दिसते, साधारण अर्ध्या ते एका मिनिटात. ड्रायव्हरने तिच्याकडे बघूनच सेल्फ मारायचा.

सिरीज समजायला दिवाळीचं जुनं तोरण आठवा. एक बल्ब गेला की अख्खं तोरण बंद. इथे तसंच आहे. एका प्लगची तार तुटली की सहाही थंड.

आता प्लग हातात घ्या. टाटा एस म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचा प्लग पेन्सिलसारखा असतो, त्याला एकच टर्मिनल, दुसरं टोक त्याची बॉडी. हा जुना प्लग वेगळा आहे. पुढे उघडी जाड तार वेटोळं घालून दिसते, आणि मागे दोन टर्मिनल असतात: मधला दांडा आणि त्याच्याभोवतीची कडी. दोन्ही बॉडीपासून वेगळी, मध्ये इन्सुलेशन. करंट दांड्यातून आत जातो, तारेतून फिरतो, कडीतून बाहेर येतो आणि पट्टीवरून पुढच्या प्लगला जातो. बॉडीला तो कुठेच लागता कामा नये. अर्थ फक्त एकाच ठिकाणी, साखळीच्या शेवटी.

प्लगवर व्होल्ट लिहिलेला असतो, तो वाचा. या प्रकारात आकडा एक-दोन व्होल्टच्या आसपास असतो. १२ किंवा २४ नाही!

धोक्याची सूचना: छोट्या हत्तीचा प्लग काढून थेट बॅटरीला लावून बघायची आपल्याला सवय असते. हा प्लग एकटा बॅटरीला लावाल तर डोळ्यांदेखत वितळेल. हिशोब करा. १.७ व्होल्टचा प्लग साधारण ४० अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स १.७ ÷ ४० = ०.०४ ओहमच्या थोडा वर. त्यावर १२ व्होल्ट लावले तर पावणेतीनशे अँपिअर ओढायला बघेल. जुना, न मिळणारा, चांगला असलेला प्लग तुम्ही तपासता तपासता मारून टाकाल.

## ४. हत्यारं आणि सुरक्षितता

लागणारी हत्यारं साधी आहेत:

- १२ व्होल्टचा टेस्ट बल्ब, दोन वायर आणि चिमटे लावलेला (२४ ची गाडी असेल तर २४ चा बल्ब)
- साधा मल्टिमीटर, डीसी व्होल्टच्या रेंजवर
- जमलं तर डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. घरगुती वायरमनचा एसीवाला इथे चालत नाही
- वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, गंज सोडवायचं तेल
- खडू. प्लगच्या शेजारी हेडवर १ ते ६ नंबर लिहायला

मीटरच्या ओहम रेंजने हे प्लग 'चांगले की वाईट' ठरवू नका. मीटरच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो. त्यात ०.०४ काय दिसणार? ओहम रेंजवर फक्त 'तुटलाय की जोडलेला आहे' एवढंच कळतं.

काम सुरू करण्याआधी:

१. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली लाकडी ठोकळे.
२. हातातली अंगठी आणि धातूचं कडं काढा. ४० अँपिअरच्या वायरला अंगठी लागली तर बोट भाजतं.
३. पट्ट्या सोडताना बॅटरीचा अर्थ काढा.
४. या वायरला फ्यूज आहे का ते बघा. जुन्या गाडीत असेलच असं नाही.
५. डिझेल कुठे गळत असेल तर आधी ते पुसा आणि बंद करा.
६. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. कॅलेंडरमागे टांगलेला नको.

आणि दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. एक, हीटर चालू असताना एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही. ईथर लाल तारेवर वेळेआधीच भडकतो, पिस्टन आणि हेड दोन्ही जाऊ शकतात. दोन, एअर इनलेटपुढे पेटता काकडा धरायचा नाही. आपल्या शेडमध्ये बाजूला दुसऱ्यांच्या गाड्या आणि डिझेलचे डबे असतात.

## ५. तपासणी: आधी डॅशची तार विचारा

स्विच पहिल्या घरात ओढा आणि तारेकडे बघा. चार उत्तरं मिळू शकतात.

### उत्तर पहिलं: तार अजिबात लाल होत नाही

साखळी कुठेतरी तुटलीय. कुठे, ते शोधायला सहा प्लग काढायची गरज नाही.

नियम लक्षात ठेवा: तुटलेल्या जागेच्या आधी प्रत्येक ठिकाणी पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसेल, तुटलेल्या जागेच्या नंतर शून्य.

मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला, स्विच पहिल्या घरात. सुरुवात टोकापासून करू नका, मधोमध करा: प्लग ३ आणि ४ ला जोडणाऱ्या पट्टीवर लाल वायर ठेवा.

- पूर्ण व्होल्ट दिसले, तर तिथपर्यंत साखळी ठीक. दोष ४, ५, ६ किंवा शेवटच्या अर्थमध्ये.
- शून्य दिसलं, तर दोष बॅटरी ते प्लग ३ च्या मध्ये.

मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध पुन्हा. तीन मोजण्यांत जागा सापडते. सहाव्या प्लगच्या शेवटच्या टोकावरही पूर्ण व्होल्ट दिसले, तर प्लग सगळे ठीक आहेत, अर्थची वायर गेलीय. ही दुरुस्ती एका नट आणि वायर ब्रशची आहे. त्यासाठी सहा प्लग शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फेरी मारणारे लोक मी पाहिलेत!

खात्री करून घ्या: संशयित प्लगच्या दोन टर्मिनलवर मीटर ठेवा. ज्या प्लगच्या दोन टोकांत पूर्ण बॅटरी दिसते, तोच तुटलेला. बाकीच्यांवर शून्य दिसेल.

### उत्तर दुसरं: तार पटकन पांढरट लाल होते, पण इंजिन उचलत नाही

दोन-तीन सेकंदांत स्विच सोडा! करंट जास्त वाहतोय. साखळीतला एखादा भाग मध्येच अर्थला लागलाय. पट्टी हेडला टेकली असेल, किंवा प्लगच्या पुढे कार्बन साचून तार आणि बॉडी जोडली गेली असेल. पहिले दोन-तीन प्लग जळायला आलेत, मागचे थंड आहेत.

आता साखळी दोन्हीकडून मोकळी करा. प्लग १ वरची येणारी वायर काढा, प्लग ६ वरची अर्थ वायर काढा. साखळी हवेत लटकली, तिचा अर्थशी काही संबंध असता कामा नये. टेस्ट बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं साखळीला लावा. बल्ब पेटला तर शॉर्ट आहे. ३ आणि ४ मधली पट्टी काढा, दोन्ही अर्धी भागं वेगवेगळी तपासा. ज्या भागावर बल्ब पेटतो, त्यातली पट्टी काढत चला. शेवटी एकच प्लग उरेल.

### उत्तर तिसरं: तार उशिरा आणि मंद लाल होते

साखळी जोडलेली आहे, पण कुठेतरी करंटला अडथळा आहे: सैल नट, हिरवा पडलेला लग, बारीक बदललेली वायर किंवा थकलेली बॅटरी. नुसत्या मीटरने उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही, कारण करंट वाहतो तेव्हाच तो उघडा पडतो. म्हणून हीटर चालू ठेवून प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांत व्होल्ट मोजा.

ठीक असलेल्या साखळीचा नमुना हिशोब, लोडवर बॅटरी ११.८ व्होल्ट धरून:

- स्विच, वायरी आणि अर्थ मिळून: ०.४
- डॅशची तार: १.२
- सहा प्लग, प्रत्येकी १.७: १०.२
- एकूण: ११.८

बेरीज बॅटरीइतकी यायलाच पाहिजे, हे तुमचं हिशोबाचं ताळेबंद समजा. एखाद्या जोडावर एकट्याने अर्धा व्होल्ट दिसला तर चोर तिथे आहे. आणि तो नुसता चोर नाही. अर्धा व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे २० वॅट, एका छोट्या नटावर. सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटची मिळते. शेजारी साठ वर्षांचं कडक झालेलं रबर इन्सुलेशन आणि डिझेलची पाइप असली की आगीची तयारी झालीच.

एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त हीटर चालू ठेवू नका. मध्ये थंड होऊ द्या. मोजणी दोघांनी करा: एक स्विचवर, एक मीटरवर.

### उत्तर चौथं: तार वेळेवर लाल होते, इंजिन तरी चालू होत नाही

हीटरची साखळी बहुतेक ठीक आहे. एकदा सहाही प्लगचे व्होल्ट मोजा, एकमेकांजवळ असले पाहिजेत. एखादा फारच कमी दाखवत असेल तर त्याची वेटोळी एकमेकांना चिकटली असतील, किंवा कुणीतरी वेगळ्या व्होल्टचा प्लग मध्ये घातला असेल. सगळे सारखे असतील तर हीटर सोडा. धूर बघा, एअर काढा, नोजल आणि कॉम्प्रेशन तपासा. मालकाला स्पष्ट सांगा: "वायरिंग तपासलं, ठीक आहे. पुढचं काम इंजिनाचं आहे."

## ६. दुरुस्ती: काय करायचं, काय नाही

जम्पर जुगाड नको. तुटलेल्या प्लगच्या दोन टर्मिनलना वायरने जोडून 'पाचवर चालवू' असं म्हणणारे भेटतील. आपल्याच उदाहरणात बघा: सहाच्या साखळीत ४० अँपिअर, एक प्लग कमी झाला की सुमारे ४७. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे उरलेल्या पाचांवर प्रत्येकी जवळपास ३६ टक्के जास्त. लवकरच दुसरा जाईल, मग तिसरा. तुटलेल्या तारेचा तुकडा प्री-चेंबरमध्ये पडला तर हेड उघडायची वेळ येते. रस्त्यात अडकलेल्या गाडीला एकदा घरी आणण्यापुरतं ठीक, डिलिव्हरीला नाही.

प्लग ओढून काढू नका. गंज सोडवायचं तेल आदल्या संध्याकाळी मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडा. अडकला तर पुन्हा तेल. हेडमध्ये मोडलेला प्लग काढणं हे प्लगपेक्षा कितीतरी महाग काम आहे.

टेबलावर सहाही एकदम तपासा. काढलेले सहा प्लग लाकडी फळीवर ठेवून पट्ट्यांनी त्याच क्रमाने सिरीजमध्ये जोडा, जाड वायरने बॅटरी द्या. सगळे एकसारखे लाल झाले पाहिजेत. एखादा इतरांपेक्षा भगभगीत असेल तर त्याची तार झिजून बारीक झालीय. एखादा मंद असेल तर आतून शॉर्ट आहे. मालकाला समोर उभं करून दाखवा, दहा मिनिटं समजावण्यापेक्षा हे एक दृश्य जास्त बोलतं.

एकसारखे प्लग घाला. व्होल्ट आणि प्रकार सहाही ठिकाणी सारखा. एक बदलायचा असेल तर तोच आकडा असलेला.

वायर जाड घाला. तीन मीटर तांब्याच्या वायरमध्ये ४० अँपिअरला किती व्होल्ट वाया जातात, बघा:

- २.५ चौ. मिमी: सुमारे ०.८ व्होल्ट
- ६ चौ. मिमी: सुमारे ०.३५ व्होल्ट
- १० चौ. मिमी: सुमारे ०.२ व्होल्ट

घरच्या फिटिंगची उरलेली अडीचची वायर इथे चालणार नाही. १० ची घ्या, लग दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा, आणि वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा. जुनं कापडी वेष्टन दिसायला छान असतं, मालकाला ते हवं असेल तर नव्या वायरीवर तसं वेष्टन गुंडाळा. आतली वायर नवीनच पाहिजे.

## ७. छोट्या हत्तीला हाच नियम लावू नका

रोज येणाऱ्या गाड्यांत हीटर पॅरलल असतात. प्रत्येक प्लगला स्वतंत्र पुरवठा, बॉडीतून अर्थ. तिथे एक गेला तरी बाकीचे तापतात, गाडी खडखडत आणि पांढरा धूर सोडत चालू होते. म्हणून तिथे तपासणी उलट: वरची पट्टी काढा, टेस्ट बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या टर्मिनलला. बल्ब पेटला तर तार जोडलेली आहे, नाही पेटला तर प्लग गेला. सगळे प्लग ठीक असूनही तापत नसतील तर रिले, टायमर आणि फ्यूज बघा.

लक्षात आलं ना? जुन्या ट्रकच्या मोकळ्या साखळीवर बल्ब पेटणं म्हणजे दोष. छोट्या हत्तीच्या प्लगवर बल्ब पेटणं म्हणजे ठीक. तोच बल्ब, तीच बॅटरी, अर्थ उलटा. हाताखालच्या पोराला हे एकदा नीट समजावून सांगा.

## ८. आता पैशाचं बोलू

तपासणीचे पैसे मागायला आपल्याला लाज वाटते. "नुसतं बघितलं, त्याचे काय घ्यायचे?" मग ते पैसे आपण पार्टमध्ये लपवतो, आणि पार्ट बदलायची गरज नसली तरी बदलावासा वाटतो. धंद्याची खरी गडबड इथून सुरू होते. अर्थची वायर घासून गाडी चालू झाली तर तुमचं ज्ञान वापरलं गेलं, पार्ट नाही. त्याचं बिल झालं पाहिजे.

हिशोब असा लावा. समजा भाडं, पगार, वीज धरून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. महिन्याचे २५ दिवस, दिवसाला विकले जाणारे तास ६, म्हणजे १५० तास. एका तासाचा खर्च ४०० रुपये. त्यावर पाव हिस्सा नफा धरला तर ५००. हीटर साखळीची पूर्ण तपासणी दोन तास, म्हणजे १,००० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, पण तुमच्या तासाचा भाव तुम्हाला माहीत असलाच पाहिजे.

मालकाला आधी सांगायचं वाक्य: "साहेब, तपासणीचे हजार रुपये. दोष कुठे आहे ते मोजून, आकड्यासकट लिहून देतो. मग दुरुस्ती करायची की नाही ते तुम्ही ठरवा." जो या वाक्याला नाही म्हणतो, तो पुढे बिलालाही नाही म्हणेल.

जॉब कार्डवर एवढं लिहा:

- गाडी, इंजिनचा प्रकार, सिस्टिम १२ की २४
- मालकाची तक्रार, त्याच्याच शब्दांत
- बॅटरी व्होल्ट: उभ्या गाडीत आणि हीटर चालू असताना
- डॅशच्या तारेचं उत्तर: १, २, ३ की ४
- प्लग १ ते ६ चे व्होल्ट, दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर
- काढलेले जुने भाग मालकाला परत दिले: हो / नाही
- मालकाची सही, फोटोंची संख्या

'आधी' आणि 'नंतर'चे आकडे हीच तुमची गॅरंटी. सहा महिन्यांनी मालक परत आला आणि म्हणाला "तुम्ही काहीच केलं नव्हतं," तर कार्ड काढून दाखवता येतं. आणि दोष नवीन असेल तर तेही त्याच कार्डावरून कळतं.

जुने भाग परत देताना एक काळजी घ्या: चांगला निघालेला जुना प्लग भंगारात टाकू नका. कागदात गुंडाळून, व्होल्ट लिहून मालकाच्या हातात द्या. पुढच्या वेळी त्याची किंमत त्याला कळेल आणि तुमचीही.

## गृहपाठ

हा ट्रक तुमच्याकडे नसला तरी सराव करता येतो. गाडीचे १२ व्होल्टचे सहा सारखे छोटे बल्ब सिरीजमध्ये एका फळीवर लावा आणि बॅटरी द्या. ते मंद पेटतील, प्रत्येकावर साधारण दोन व्होल्ट दिसतील. मग तीन प्रयोग करा:

१. चौथा बल्ब काढा. प्रत्येक जोडावर व्होल्ट मोजा. पूर्ण कुठपर्यंत आणि शून्य कुठून, ते लिहा.
२. चौथा परत लावा, त्याच्या दोन टोकांना वायरने जोडा. बाकी पाचांचा उजेड आणि व्होल्ट बघा.
३. एक जोड मुद्दाम गंजक्या स्क्रूने करा आणि त्याच्या दोन टोकांत व्होल्ट मोजा. बहुतेक काहीच दिसणार नाही. का? कारण इथे करंट फार थोडा आहे. तोच स्क्रू हेडलाइटच्या वायरीत घालून पुन्हा मोजा.

तिसऱ्या प्रयोगाचे दोन आकडे कमेंटमध्ये लिहा. कुणाकडे असा जुना ट्रक उभा असेल तर त्याच्या प्लगवर लिहिलेला व्होल्टही कळवा. आकडे जमले की पुढच्या धड्यात त्यांचा तक्ता करू. त्याच धड्यात बघू सेल्फचा व्होल्टेज ड्रॉप: बॅटरी नवीन, सेल्फ नवीन, तरी 'टक' करून थांबते, ती गाडी.